पंचेचाळीस टन लोह, तरी पानं पिवळी

हिंगोली जिल्ह्यात संत्र्या-मोसंबीची बाग लावलेल्या कुणालाही हे चित्र नवं नाही. पावसाळा सरत आला की नवी पालवी फुटते ती फिकी. पानाच्या शिरा हिरव्या, त्यांच्या मधला भाग पिवळा आणि दुखणं वाढलं तर अख्खं पानच पांढुरकं. झाडावर केवडा पडला, असं म्हणतात. कृषी सेवा केंद्रात पान दाखवलं की निदान ठरलेलं असतं : लोहाची कमतरता. मग हिराकस आणायचं, पंपात भरायचं, फवारायचं.

आता गंमत पाहा. हिंगोलीची माती ज्या काळ्या खडकापासून झाली, तो बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे आणि लोहाच्या बाबतीत तो मुळीच गरीब नाही. एका एकरातल्या वरच्या अर्ध्या फुटात साधारण नऊ लाख किलो माती असते. तिच्यात लोह पाच टक्के धरलं तरी ४५ टन होतं. बागेला वर्षाला लागतं ते फार तर काहीशे ग्रॅम. एवढ्या लोहात मुळं रोवूनही झाड लोहासाठी उपाशी राहतं.

या कोड्याचं उत्तर सापडलं की दुसऱ्या, जास्त काळजीच्या प्रश्नाचं उत्तरही बरंचसं हाती येतं. मातीत शिसं, कॅडमियम, निकेल, आर्सेनिक असेल तर ते फळात उतरतं का? आणि उतरत असेल तर कोणत्या जमिनीतून जास्त?

या मंडळींना एकत्रितपणे ‘जड धातू’ म्हणतात. नाव सैल आहे. आर्सेनिक तर पक्का धातूही नाही. तांबं, जस्त आणि किंचित निकेल झाडाला हवं असतं, पण प्रमाण वाढलं की तेच विष होतं. शिसं, कॅडमियम आणि आर्सेनिक यांचा मात्र झाडालाही उपयोग नाही आणि आपल्यालाही.

गोदामात किती, ओट्यावर किती

हंगामात हिंगोलीच्या किंवा वसमतच्या मोंढ्यात हळदीची आवक सुरू झाली की माल तीन ठिकाणी असतो. बराचसा कुलूपबंद गोदामात, काही दुकानाच्या ओट्यावर आणि थोडा लिलावाच्या ढिगात. गिऱ्हाईक घेतं ते ढिगातलं. ढीग कमी झाला की ओट्यावरची पोती पुढे सरकतात. गोदामातला माल मात्र दार उघडेपर्यंत असून नसल्यासारखा.

मातीतला धातूही असाच तीन ठिकाणी असतो. मोठा वाटा खनिजांच्या कणांत, चुनखडीत आणि गंजासारख्या लोह-ऑक्साइडात अडकलेला असतो; ते गोदाम. थोडा चिकणमातीच्या आणि सेंद्रिय पदार्थाच्या पृष्ठभागाला चिकटलेला असतो, तो ओटा. आणि अगदी थोडा मातीतल्या ओलाव्यात विरघळलेला असतो, तो ढीग. मुळाला घेता येतो तो एवढाच.

लिंडसे आणि नॉर्वेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७८ साली नावारूपाला आणलेली डीटीपीए चाचणी ढिगातला आणि ओट्यावरून सहज सुटणारा माल मोजते. डीटीपीए नावाच्या द्रावणात माती हलवून घेतात आणि जेवढा धातू सुटून येतो तेवढाच ‘उपलब्ध’ धरतात. या चाचणीत लोह किलोमागे ४.५ मिलिग्रॅमच्या वर असलं तर जमीन पुरेशी मानतात. आपल्या एकराच्या हिशेबात हे प्रमाण जेमतेम ४ किलो होतं. ४५ टन गोदामात आणि ४ किलो हाताशी, आणि तरीही जमीन ‘पुरेशी’! बागेचं दुखणं कसं उद्भवतं, हे या दोन आकड्यांवरूनच कळतं.

दार कोण बंद करतं?

पहिला आणि सगळ्यांत बलवान पहारेकरी म्हणजे सामू, म्हणजेच मातीची आम्लता किंवा अल्कता. सात म्हणजे उदासीन. त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठच्या घरात असतो. सामू एका अंकाने वाढला की पाण्यात विरघळून राहू शकणारं लोह हजारपटीने घटतं आणि जस्त शंभरपटीने. हा कागदावरचा हिशेब झाला. शेतात सेंद्रिय पदार्थ आणि मुळांचे स्राव यांमुळे घसरण इतकी कडक राहत नाही, पण दिशा तीच. शिसं आणि कॅडमियम हेही याच नियमाने वागतात. अल्क मातीत ते कार्बोनेट, फॉस्फेट अशा न विरघळणाऱ्या रूपात बसतात किंवा चुनखडीच्या आणि ऑक्साइडच्या कणांना घट्ट धरून राहतात.

दुसरा पहारेकरी चिकणमाती. भारी काळ्या जमिनीतली स्मेक्टाइट ही चिकणमाती अतिशय पातळ पापुद्र्यांची असते. पाणी मिळालं की पापुद्रे फुगून दूर होतात, उन्हाळ्यात आक्रसतात. पायाचा पंजा जाईल अशा भेगा त्यामुळेच पडतात. या पापुद्र्यांचा पृष्ठभाग एका ग्रॅममागे ६०० ते ८०० चौरस मीटर भरतो. त्यावर ऋण भार असतो, म्हणून धन भाराचे कॅल्शियम, जस्त, कॅडमियम, शिसं त्याला चिकटून राहतात. ओटा जेवढा लांबरुंद, तेवढा माल तिथे थांबतो आणि लिलावाच्या ढिगात थोडाथोडाच येतो.

तिसरी बाब पाण्याची. भारी जमिनीत पावसाचं पाणी तुंबलं की मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू शकत नाही. तो चुनखडीला विरघळवतो आणि बायकार्बोनेट तयार होतं. त्यामुळे मुळांना लोह घेणं अवघड जातं आणि घेतलेलंही पानात नीट वापरलं जात नाही. पावसाळ्याच्या अखेरीस पालवी पिवळी पडते त्याचं मोठं कारण हे आहे. म्हणूनच चर काढून पाण्याला वाट करून दिली तर काही बागा फवारणीशिवायही सुधारतात. जमिनीतून लोह द्यायचंच असेल तर चिलेटचा, म्हणजे लोहाला धरून विरघळतं ठेवणाऱ्या रसायनाचा, प्रकार पाहून घ्यावा. चुनखडीच्या जमिनीत ईडीटीए चिलेट लवकर निकामी होतं, ईडीडीएचए टिकतं. दोन्हींच्या पुडीवर मोठ्या अक्षरांत ‘चिलेटेड’ असंच लिहिलेलं असतं, हे वेगळं.

एकाच जिल्ह्यातल्या दोन जमिनी

हिंगोली जिल्हा म्हणजे नुसती काळी जमीन नव्हे. कयाधू आणि पूर्णेच्या काठची खोल काळी जमीन एकीकडे. औंढा नागनाथ, सेनगावकडच्या टेकड्या आणि माळ दुसरीकडे. माळावर वीतभर माती, तिच्याखाली मुरूम. सीताफळ अशा जागी आनंदाने येतं. दोन्ही जमिनी एकाच बेसॉल्टच्या लेकी, पण धातूंशी वागणं निराळं.

मुरमाड जमिनीत चिकणमाती कमी, चुनाही बहुधा कमी, सेंद्रिय कर्ब तर नावालाच. ओटा अरुंद. इथे बाहेरून आलेला धातू, मग तो शहरी कचऱ्याच्या खतातून असो वा नाल्याच्या पाण्यातून, पटकन मुळाच्या हाती लागतो किंवा पाण्याबरोबर मुरमाच्या फटींतून खाली झिरपतो. सारखंच खत सारख्याच मापाने टाकलं तरी काळ्या जमिनीपेक्षा माळावरच्या बागेत धोका जास्त. गावात याच्या उलटी समजूत असते : ‘माळ आहे, काहीही टाकलं तरी चालतं.’

त्याहून वेगळी तऱ्हा कोकणच्या जांभ्याच्या लाल मातीची. तिथला सामू पाच-सहाच्या आसपास आणि चिकणमाती केओलिनाइट जातीची, धातू धरून ठेवायला अगदी दुबळी. पण या मातीत लोह-ऑक्साइड भरपूर असतं आणि ते शिशाला व आर्सेनिकला चांगलं पकडतं. कॅडमियम आणि जस्त मात्र आम्लपणामुळे सैल राहतात.

आम्लपणा आणि कॅडमियम यांची जोडी जगाला महागात पडल्याचं उदाहरण कोकोचं आहे. चॉकलेट ज्या बियांपासून बनतं तो कोको हेही फळझाडच. इक्वेडोर, पेरूसारख्या देशांत काही भागांत तरुण, कॅडमियम असलेल्या आणि बऱ्याचदा आम्लधर्मी मातीतून हा धातू झाडात जातो आणि थेट बियांपर्यंत पोचतो. पश्चिम आफ्रिकेच्या जुन्या, झिजलेल्या जमिनीतल्या कोकोत तो कमी असतो. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१९ पासून चॉकलेटमधल्या कॅडमियमवर मर्यादा घातली, तेव्हा दक्षिण अमेरिकेच्या छोट्या बागायतदारांची झोप उडाली. झाड तेच, माती वेगळी.

उपाशी मूळ आणि कॅडमियम

इथवर वाचून काळ्या जमिनीचा शेतकरी निर्धास्त होईल. होऊ नये, असं मला वाटतं. कारण मूळ हे काही नुसतं वाट बघत बसणारं गिऱ्हाईक नाही.

लोह मिळेनासं झालं की संत्रा, आंबा, पेरू यांसारख्या झाडांची मुळं स्वतः हालचाल करतात. आम्ल सोडून आजूबाजूच्या मातीचा सामू खाली आणतात, लोहाचं रासायनिक रूप बदलून ते विरघळतं करतात आणि ते आत ओढणाऱ्या प्रथिनांची संख्या वाढवतात. अडचण अशी की ही वाहक प्रथिनं फारशी चोखंदळ नसतात. लोहासाठी उघडलेल्या वाटेने जस्त, मँगनीज आणि कॅडमियमही आत येऊ शकतात. प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपांवर हे सविस्तर अभ्यासलं गेलं आहे. जस्ताचंही तसंच. कॅडमियम हा रसायनशास्त्राच्या कुटुंबात जस्ताचा सख्खा भाऊ. जस्त कमी पडलं की त्याच्या जागी हा घुसतो. मराठवाड्याच्या जमिनीत जस्ताची कमतरता सर्रास आढळते. तेव्हा झिंक सल्फेटची मात्रा ही फक्त उत्पादनासाठी नाही. नको असलेल्या भावाला दूर ठेवण्यासाठीही ती कामाची आहे.

खाऱ्या बोअरच्या पाण्याचा मुद्दाही इथलाच. पाण्यातलं क्लोराइड कॅडमियमशी जोडी करतं आणि ही जोडी मातीला चिकटून राहत नाही. ऑस्ट्रेलियात बटाट्याच्या शेतांवर झालेल्या अभ्यासांत खारं पाणी आणि जास्त कॅडमियम यांचा संबंध स्पष्ट दिसला. भेगाळलेल्या चिबड जमिनीला खारं पाणी देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

खुंटाची निवडही याच गणितात बसते. मराठवाड्यात मोसंबीसाठी रंगपूर लिंबाचा खुंट रुळला, कारण चुनखडी आणि क्षार तो जंबेरीपेक्षा बरे सोसतो. म्हणजे मातीचा स्वभाव ओळखून मूळच बदलायचं.

चौकट : अहवाल हातात आला की
मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज आणि बोरॉन अशा १२ नोंदी असतात. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक त्यांत नाहीत. ते वेगळे सांगून तपासावे लागतात. अहवालात ‘एकूण’ लिहिलंय की ‘उपलब्ध’, हे आधी पाहा. बेसॉल्टच्या जमिनीत एकूण निकेल आणि क्रोमियम निसर्गतःच जास्त असतं. जगभरच्या बेसॉल्टची सरासरी किलोमागे निकेल सुमारे १३० आणि क्रोमियम १७० मिलिग्रॅम आहे. शिसं मात्र अवघं ६. सांडपाण्याचा गाळ वापरलेल्या शेतांसाठी युरोपने १९८६ साली निकेलची मर्यादा ३० ते ७५ मिलिग्रॅम ठेवली. ती फूटपट्टी लावली तर कारखान्याचं तोंडही न पाहिलेलं आपलं शिवार प्रदूषित ठरेल. उलट शिशाचा आकडा जास्त आला तर ते खडकातून आलेलं नाही, हे नक्की समजा.

मुळात शिरलं म्हणजे फळात आलं असं नाही

झाडाच्या आतही नाकी आहेत. मुळाच्या गाभ्याभोवती मेणासारख्या पदार्थाचं कडं असतं. पाण्याबरोबर आलेल्या प्रत्येक गोष्टीला इथे पेशीच्या आतून जावं लागतं, नुसतं फटीतून निसटता येत नाही. शिशाचा बहुतांश भाग मुळातच अडकून पडतो. जे पुढे जातं ते पाण्याच्या नळ्यांतून वर चढतं आणि जिथून पाणी उडून जातं तिथे, म्हणजे पानांत, साठतं.

फळाला अन्न मिळतं ते मुख्यतः दुसऱ्या वाहिन्यांतून, पानांत तयार झालेल्या साखरेबरोबर. शिसं या दुसऱ्या वाटेने जवळजवळ जातच नाही. कॅडमियम थोडंफार जातं. म्हणून दूषित जमिनीत धोक्याची उतरंड साधारण अशी लागते : पालेभाजी सगळ्यांत वर, मग कंदमुळं आणि झाडावरची फळं बहुधा तळाला. शहराच्या खालच्या अंगाला नाल्याच्या पाण्यावर काही लावायचंच असेल, तर पालक-मेथीपेक्षा पेरूची बाग बरी. आदर्श नव्हे, बरी.

फळांमधल्या शिशाची आंतरराष्ट्रीय मर्यादा बहुतेक फळांसाठी किलोमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडली गेली तर मुळांना दोष देण्याआधी धूळ पाहावी. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, पण रस्त्याकडेच्या मातीत उतरलेलं शिसं तिथेच आहे आणि वाऱ्याबरोबर सालीवर बसतं. ते धुतलं की जातं; आतून आलेलं धुतलं जात नाही.

काळ्या मातीलाही न जुमानणारे

आर्सेनिकचा स्वभाव उलटा. मातीच्या पाण्यात ते ऋण भार घेऊन वावरतं, त्यामुळे ऋण भाराच्या चिकणमातीचा ओटा त्याला धरून ठेवू शकत नाही. त्याला पकडतात ती लोह-ऑक्साइडं, आणि सामू वाढला की त्यांची पकडही ढिली होते. पाणी तुंबलं तर ऑक्साइडच विरघळू लागतात. क्रोमियमचं खडकातलं रूप निरुपद्रवी, पण कारखान्यातून येणारं क्रोमेट हेही ऋण भाराचं आणि अल्क मातीत सहज फिरणारं. ‘आपली जमीन भारी, सगळं पचवते’ हे म्हणणं शिशापुरतं बरंचसं खरं आहे, आर्सेनिकपुरतं नाही.

अमेरिकेतल्या सफरचंदाच्या बागांनी याची किंमत मोजली. १८९० च्या दशकापासून पुढे कित्येक दशकं तिथे लेड आर्सेनेट हे कीटकनाशक फवारलं गेलं. जुनी, खोल मुळांची झाडं तग धरून राहिली. ती काढून त्याच जागी नवी रोपं लावली तेव्हा वॉशिंग्टन राज्यातल्या कितीतरी बागांत रोपं खुरटली, कारण कोवळ्या मुळांना वरच्याच थरातलं आर्सेनिक भेटलं.

मोरचुदाचा हिशेब

आपल्याकडे फळबागेत सगळ्यांत जास्त धातू कुणी टाकत असेल तर तो बागायतदार स्वतः. बुरशीसाठी फवारायच्या एक टक्का बोर्डो मिश्रणात १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. मोरचुदात तांबं सुमारे पाव हिस्सा. एकरी ४०० लिटर फवारणी धरली तर एका वेळी एक किलो तांबं जमिनीवर उतरतं आणि ते कुठेही जात नाही. आपल्या नऊ लाख किलो मातीत एका फवारणीने किलोमागे एक मिलिग्रॅमची भर. वर्षातून दोन फवारण्या धरल्या तर २० वर्षांत ४० मिलिग्रॅम.

फ्लोरिडाच्या आम्लधर्मी वाळूत याच तांब्याने विसाव्या शतकाच्या मध्यावर संत्र्याची झाडं आजारी पाडली. मुळं जाड, आखूड झाली आणि पानं पिवळी पडली, अगदी लोहाच्या कमतरतेसारखी. उपाय निघाला तो चुना टाकून सामू वाढवण्याचा. आपल्या काळ्या जमिनीत तो चुना आधीच आहे, म्हणून इथे इतक्या तांब्याने बाग सहसा आजारी पडत नाही. पण जांभ्यावरच्या किंवा हलक्या मुरमाड बागेत हा हिशेब मांडून ठेवलेला बरा.

जाता जाता हळदीविषयी, कारण हिंगोलीत तो विषय टाळता येत नाही. हळद जमिनीत वाढते, म्हणून हळदीतलं शिसं जमिनीतून आलं असावं असं वाटतं. बांगलादेशातल्या हळदीवर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात शिसं आलं होतं ते पॉलिशच्या वेळी चोळलेल्या लेड क्रोमेट या पिवळ्या रंगातून. मातीचा त्यात दोष नव्हता. भौगोलिक मानांकन मिळालेल्या वसमतच्या हळदीला या रंगाची गरजच नाही.

बागेसाठी करायचं काय?

चुनखडीच्या जमिनीचा सामू गंधक किंवा आम्ल ओतून खाली आणण्याचा सल्ला अधूनमधून मिळतो. एकरात टनावारी चुनखडी असताना तो फारसा परवडतही नाही आणि जिथे नाल्याचं पाणी किंवा शहरी खत वापरलं गेलंय तिथे तर सामू उतरवणं म्हणजे स्वतःच्या हाताने गोदाम उघडणं. त्यापेक्षा शेणखत वाढवणं, निचरा सुधारणं आणि जस्त-लोहाची भूक वेळेवर भागवणं सोपं पडतं. कुजलेलं सेंद्रिय खत चिकणमाती कमी असलेल्या माळावर तर दुप्पट उपयोगाचं. तिथला ओटा वाढवण्याचा तोच स्वस्त मार्ग आहे.

आणि शहरी कंपोस्ट विकत घेताना पिशवीवरचं चित्र नव्हे, तपासणी अहवाल मागा. खत नियंत्रण आदेशानुसार त्यात किलोमागे कॅडमियम ५, निकेल ५०, क्रोमियम ५०, शिसं १०० आणि आर्सेनिक १० मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये. अहवाल दाखवायला विक्रेता तयार नसेल तर ते खत निदान माळावरच्या बागेत टाकू नका, आणि मातीचा नमुना घेऊन तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात चौकशी करा. नमुना देताना बाग कोणत्या जमिनीत आहे, काळ्या की मुरमाड, हे आवर्जून सांगा.